सहकाऱ्याने रुग्णाची माहिती बाहेर सांगितली, तर तक्रार करायची का? नाशिकच्या रुग्णालयांत काम करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नाशिक शहरात आणि जिल्ह्यात, दहा खाटांच्या नर्सिंग होमपासून सिव्हिलपर्यंत कुठेही काम करणाऱ्या सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा, लॅब आणि एक्स-रे टेक्निशियन, रिसेप्शन, बिलिंग आणि एमआरडीतल्या (रुग्णांच्या कागदपत्रांच्या विभागातल्या) मंडळींसाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. डॉक्टरांनाही ते लागू आहेतच. माझी बाजू आधीच सांगते. ज्याची माहिती बाहेर गेली त्या माणसाला बहुतेक वेळा ते कळतच नाही, त्यामुळे तो तक्रार करूच शकत नाही. पाहणारे, ऐकणारे तुम्ही असता. खालची सगळी उत्तरं या एका गोष्टीवरून निघाली आहेत.

ड्युटीवर आम्ही दिवसभर पेशंटबद्दलच बोलतो. मग गोपनीयतेचा भंग नेमका कशाला म्हणायचं?

कामासाठी, कामातल्या माणसाशी, कामापुरतं बोललात तर तो भंग नाही. हँडओव्हर देताना रात्रीच्या सिस्टरला सगळं सांगायलाच हवं. एमएलसीची (पोलिसांना कळवावी लागते अशा केसची) खबर पोलिसांना देणं, टीबीचा रुग्ण निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंदवणं, कोर्टाने आदेश दिल्यावर कागद हजर करणं, रुग्णाने सही दिल्यावर विम्यासाठी टीपीएला (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेला) पेपर पाठवणं, हे सगळं कायद्याने किंवा संमतीने होणारं काम आहे.

माहिती ही वाट सोडून गेली की भंग झाला. सातपूरच्या कंपनीतला कामगार ॲडमिट आहे आणि त्याचा सुपरवायझर ओळखीचा म्हणून त्याला फोनवर निदान सांगितलं, हा भंग. केस पेपरचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला, नाव झाकलं पण गाव आणि वय दिसतंय, हाही भंग. आपल्या वॉर्डात नसलेल्या शेजारणीचा रिपोर्ट सहज म्हणून उघडून पाहिला आणि कुणालाही सांगितला नाही, तरीसुद्धा भंगच. शेवटचं पुष्कळांना पटत नाही. पण ज्या माणसाच्या उपचारात आपला हात नाही, त्याची फाईल उघडायचं आपल्याला कारणच नसतं.

हे कायद्यात आहे का, की नुसती चांगल्या वागण्याची अपेक्षा?

कायद्यात आहे, आणि एकाच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. डॉक्टरांसाठी 2002 ची आचारसंहिता आहे. रुग्णाकडून कळलेली गुपितं उघड करणं हे तिच्यानुसार गैरवर्तन ठरतं. अपवाद मोजके आहेत: कोर्टाचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार. त्याच आचारसंहितेत व्यवसायातल्या दुसऱ्या डॉक्टरचं अनैतिक वर्तन न भिता, भेदभाव न करता उघड करावं असंही म्हटलं आहे. सहकाऱ्याबद्दल बोलणं म्हणजे गद्दारी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे कलम जरूर वाचावं.

नाजूक बाबींसाठी वेगळे कायदे आहेत. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीची ओळख अधिकार नसलेल्या माणसाला सांगितली, तर 2021 च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एचआयव्हीसाठी 2017 चा कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. मानसिक आजारासाठी 2017 चाच दुसरा कायदा आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख छापणं, प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. करारानुसार सेवा देताना मिळालेली वैयक्तिक माहिती नुकसान करण्याच्या किंवा फायदा मिळवण्याच्या हेतूने उघड केली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. डेटा फुटला तर ज्याचा डेटा आहे त्याला कळवणं ही त्यातली एक जबाबदारी.

ती माझ्यासोबत नाईट करते, घरची परिस्थिती बेताची आहे. तक्रार केली तर तिची नोकरी जाईल. मी कसं ठरवू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणारी व्यक्ती बहुधा चार दिवस नीट झोपलेली नसते.

मी आधी पेशंटचा विचार करते, सहकाऱ्याचा नंतर. माहिती आता कुठे आहे? कुणाकडे गेली? ती गेल्यामुळे त्या माणसाचं काय होऊ शकतं, आणि ते अजून थांबवता येईल का? याची उत्तरं काढली की पुष्कळदा निर्णय आपोआप समोर येतो.

आपल्या जिल्ह्याचं एक वैशिष्ट्य इथे लक्षात घ्यावं लागतं. निफाड, दिंडोरी, सिन्नर, पेठ, सुरगाणा इथून माणसं नाशिकला उपचाराला येतात, आणि वॉर्डात काम करणारेही त्याच तालुक्यांतले असतात. ॲडमिशनच्या वेळी "गाव कोणतं?" विचारलं की दोन मिनिटांत पाहुण्यांची ओळख निघते. यातून रुग्णाला धीर मिळतो, हे खरं. पण माहिती गावात पोचते तीही याच वाटेने. द्राक्षबागेत खुडणीला जाणारी बाई, बागेचा मालक आणि आपल्या वॉर्डातली मावशी एकाच शिवारातली असू शकतात. मावशीने घरी सहज काढलेला विषय संध्याकाळपर्यंत पारावर गेलेला असतो. मोठ्या शहरात अनोळखी माणसाचं निदान ऐकून कुणी विसरून जाईल. इथे ते त्या बाईच्या रोजंदारीवर, सोयरिकीवर, घरातल्या वागणुकीवर येऊन आदळतं.

म्हणून माझं मत असं: माहिती रुग्णालयाबाहेर गेली असेल, किंवा ती एचआयव्ही, गर्भधारणा, गर्भपात, मानसिक आजार, आत्महत्येचा प्रयत्न, अत्याचार यांपैकी कशाबद्दलची असेल, तर कळवायचं. मैत्री असली तरी. कुणी पैशासाठी किंवा सूड म्हणून केलं असेल तरी कळवायचं. लिफ्टमध्ये मोठ्याने नाव घेतलं, पडदा न ओढता तपासलं, मॉनिटर रिसेप्शनवरच्या गर्दीला दिसेल असा ठेवला, तर आधी त्या माणसाशी बोला. पुन्हा पुन्हा होत असेल तर मात्र वर सांगा.

नोकरीबद्दल म्हणाल तर शिक्षा ठरवण्याचं काम तुमचं नाही. तुम्ही जे पाहिलं तेवढंच सांगायचं आहे. हवं तर तक्रारीतच लिहा की यामागे वाईट हेतू असल्याचं मला दिसलं नाही, समज देऊन आणि प्रशिक्षण देऊन हे सुधारेल असं मला वाटतं. पहिली चूक, लगेच कबुली आणि नुकसान आटोक्यात, एवढं असेल तर समंजस व्यवस्थापन लेखी समज देऊन थांबू शकतं. लपवलेलं नंतर बाहेर आलं की मात्र दोघींनाही जबाब द्यावा लागतो.

आधी तिच्याशी बोललेलं बरं का?

हेतू वाईट नसेल आणि माहिती अजून फार पसरली नसेल, तर हो. एकटीला गाठा, चहाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नको. "सिस्टर, सकाळी ग्रुपवर तुम्ही जो फोटो टाकला, त्यात पेशंटचं नाव दिसतंय. आत्ता काढून टाका, आणि ज्यांनी पाहिला त्यांनाही काढायला सांगा. इन्चार्ज मॅडमना तुम्ही स्वतः सांगाल का? मी सोबत येते." एवढं पुरे. मावशी वयाने मोठ्या असतील तर त्यांचा मान राखूनच: "मावशी, त्या मुलीचं घरी सांगू नका हो, तिच्या सासरी गेलं तर तिला त्रास होईल." बऱ्याच मावशींना कुणी हे कधी समजावूनच सांगितलेलं नसतं. समजल्यावर त्या सगळ्यांपेक्षा जास्त सांभाळतात.

पण यादी विकली असेल, कुणाला धमकावायला माहिती वापरली असेल किंवा पुरावा पुसला जाण्याची शक्यता असेल, तर आधी बोलायला जाऊ नका. सरळ वर कळवा.

सासूबाईंनी विचारलं म्हणून सुनेचा रिपोर्ट सांगितला. घरच्यांना सांगणं हासुद्धा भंग का?

आपल्याकडे सगळ्यात अवघड जागा हीच. खाटेभोवती चार नातेवाईक उभे असतात, बिल भरणारा वेगळा, सही करणारा वेगळा, आणि "आम्ही घरचेच आहोत" हे वाक्य ठरलेलं. रुग्ण शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर कुणाला किती सांगायचं हे ती ठरवते. नवऱ्यालाही आपोआप हक्क मिळत नाही. गर्भपातासाठीसुद्धा सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

हे सांभाळायची रीत साधी आहे. ॲडमिशनलाच रुग्णाला एकटं असताना विचारा, "तुमच्या तब्येतीचं कुणाला सांगायचं?" आणि ते नाव केस पेपरवर लिहा. सहकाऱ्याने त्याबाहेर सांगितलं असेल, तर परिणाम काय झाला ते पाहा. सासूला हिमोग्लोबिन कमी आहे एवढं कळलं तर बोलून सुधारा. लग्नाआधीचा गर्भपात कळला असेल तर ही किरकोळ गोष्ट राहिली नाही. त्या मुलीच्या सुरक्षिततेचा विचार आधी करावा लागतो, आणि तोही त्याच दिवशी.

अठरा वर्षांखालची मुलगी गर्भवती असेल तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपातासंदर्भात कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

औषध प्यायलेला शेतकरी कॅज्युअल्टीत आला. ब्रदरने ओळखीच्या पत्रकाराला नाव आणि फोटो दिला. बातमी तर लोकांसमोर यायलाच हवी ना?

शेतीतल्या संकटाची बातमी यायलाच हवी. त्या माणसाचा नळ्या लावलेला फोटो त्याच्या संमतीशिवाय यायला नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं तो कायदा धरून चालतो. कीटकनाशक प्यायलेला माणूस वाचला तर त्याला त्याच गावात, त्याच सोसायटीच्या कर्जासह परत राहायचं असतं. पत्रकारांना माहिती द्यायची असेल तर ती अधिकृत व्यक्तीने द्यायची. सिव्हिलमध्ये त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचं कार्यालय आहे. ब्रदरबद्दल कळवा, आणि लवकर कळवा, म्हणजे फोटो मागे घ्यायला रुग्णालयाला सांगता येईल.

एचआयव्हीबद्दल वेगळं काही आहे का?

आहे. वीस किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक आरोग्य संस्थेत एचआयव्हीच्या 2017 च्या कायद्यानुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि राज्याच्या पातळीवर लोकपालाची तरतूद आहे. आपल्याकडे तक्रार अधिकारी कोण, हे एचआरला विचारा. नाव सांगता आलं नाही तर तीच एक लेखी नोंद करण्यासारखी गोष्ट. फाईलवर लाल खूण करणं, खाटेला पाटी लावणं, "त्या पेशंटला दोन हातमोजे घाला" असं वॉर्डभर ओरडणं, हे सगळं उघड करणंच आहे. संसर्गापासूनची काळजी सगळ्याच रुग्णांच्या बाबतीत सारखी घ्यायची असते, त्यामुळे खुणेची गरजच पडत नाही.

पुरावा म्हणून तो फोटो मी माझ्या मोबाईलवर घेऊन ठेवू का?

शक्यतो नको. रुग्णाची माहिती आणखी एका मोबाईलवर गेली की आणखी एक भंग झाला. काय पाहिलं, कधी, कुठे, कोण हजर होतं, कोणत्या ग्रुपवर, हे त्याच दिवशी वहीत लिहा. रुग्णाचं नाव न लिहिता आयपीडी नंबर (ॲडमिट झाल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक) लिहा. मूळ गोष्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तुमच्या किंवा ग्रुपमधल्या कुणाच्या मोबाईलवर तिथेच दाखवता येते. फाईल कुणी उघडली हे बऱ्याच हॉस्पिटल सॉफ्टवेअरमध्ये वेळेसकट नोंदलेलं असतं. तो लॉग जपून ठेवायला सांगा, आणि हे तक्रारीतच लिहा, कारण काही ठिकाणी जुने लॉग पुसले जातात.

आमच्याकडे संपूर्ण वॉर्ड एकाच लॉगिनवर चालतो.

मग कुणी पाहिलं हे कधीच सिद्ध होणार नाही, आणि संशय निरपराध माणसावरही येईल. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मिळावा, ही मागणी सगळ्यांनी मिळून लेखी करा. एका माणसाच्या तक्रारीपेक्षा या मागणीने जास्त रुग्ण वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

तक्रार द्यायची कुणाकडे?

आधी आतमध्ये: इन्चार्ज सिस्टर, मेट्रन किंवा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), नाहीतर एचआर. एनएबीएच (रुग्णालयांच्या दर्जाची मान्यता) असलेल्या रुग्णालयात इन्सिडेंट फॉर्म असतो, तो वापरा. तोंडी सांगितलं तरी संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल करा, म्हणजे तारीख राहते.

आत दाद लागली नाही तर बाहेर. डॉक्टरबद्दल असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, परिचारिकेबद्दल असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे असते. महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आणि स्थानिक यंत्रणेने तक्रार निवारणाची सोय ठेवणं अपेक्षित आहे. झाकीर हुसेन किंवा बिटकोसारख्या महापालिकेच्याच रुग्णालयांतली गोष्ट असेल तरी वाट महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडेच जाते. सिव्हिलसाठी जिल्हा शल्यचिकित्सक. फोटो व्हायरल झाला, पैसे मागितले गेले किंवा धमकी आली, तर सायबर पोलीस ठाणे. शहराचं वेगळं आहे, ग्रामीणचं वेगळं.

भंग करणारे खुद्द मालक डॉक्टरच असतील तर?

तर आतली वाट नसते. पुरावा काय आहे, रुग्णाचं काय नुकसान झालं, हे एखाद्या वकिलाला दाखवून मगच बाहेर तक्रार करा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळू शकते. घाई करू नका, पण महिनोन्‌महिने लांबवूही नका.

माझ्यावर सूड उगवला तर संरक्षण काय?

संरक्षण तोकडं आहे. जागल्यांच्या (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा 2014 चा कायदा संसदेत मंजूर झाला, पण तो अंमलात आणलेला नाही, आणि त्याचा रोख सरकारी यंत्रणेतल्या भ्रष्टाचारावर आहे. एजन्सीमार्फत कंत्राटावर असलेल्यांना "उद्यापासून येऊ नका" म्हणणं सोपं असतं. म्हणून तक्रार लेखी द्या, पोच घ्या, प्रत घरी ठेवा (रुग्णाचं नाव नसलेली), आणि शक्य असेल तर दोघांनी मिळून सही करा. युनियन असेल तर आधी त्यांना कल्पना द्या. तक्रारीनंतर अचानक ड्युटी बदलली, नाईटवर नाईट लागल्या, तर तारखा लिहून ठेवा.

निनावी पत्रही चालतं. फक्त त्याच्यावर पुढचे प्रश्न विचारता येत नसल्याने ते बाजूला पडण्याची शक्यता जास्त. जिवाची भीती असेल तेव्हाच तो मार्ग धरावा, असं माझं मत आहे.

तीच माझ्यावर बदनामीचा दावा लावेल म्हणते.

अधिकार असलेल्या माणसाकडे सद्‌हेतूने केलेली तक्रार भारतीय न्याय संहितेत बदनामीच्या अपवादांत बसते. मात्र तुम्ही तीच गोष्ट स्टाफच्या ग्रुपवर टाकलीत तर हा आधार राहत नाही. तक्रार योग्य माणसालाच द्या, इतर कुणाशीही चर्चा नको.

पेशंटला मी स्वतः जाऊन सांगू का?

नाही, रुग्णालयाने सांगायचं असतं. शांत खोलीत, जबाबदार माणसाने, आता काय करता येईल यासह. तुम्ही तक्रारीत स्पष्ट विचारा: "रुग्णाला कधी आणि कोण कळवणार?" बऱ्याच ठिकाणी हा प्रश्न कुणी विचारतच नाही आणि प्रकरण स्टाफपुरतं मिटवलं जातं. रुग्णाला तातडीचा धोका असेल, म्हणजे घरी मारहाण होईल अशी भीती असेल, तर त्याच शिफ्टमध्ये उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि समाजसेवा अधीक्षकांना गाठा.

बाळंतिणींचे फोन नंबर बाहेर जातात. डिस्चार्जच्या आधीच स्टेमसेल बँकेचे आणि फोटोवाल्यांचे फोन येतात. हे तर सगळीकडे चालतं.

सगळीकडे चालत असेल तर सगळीकडून कळवायला हवं. कोणत्या तारखांच्या रुग्णांना फोन आले आणि ते नंबर तेव्हा कोणत्या रजिस्टरमध्ये होते, एवढं जुळवलं की वाट सापडते. यात जिचं बाळ गेलं तिलाही अभिनंदनाचा फोन येतो. तिच्या घरात तो फोन वाजताना काय होत असेल, एवढं यादी देणाऱ्याला कुणीतरी विचारायला हवं.

तक्रारीत नेमकं काय लिहू?

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा, विशेषणं गाळा. नमुना असा:

"मा. मेट्रन मॅडम, आज दुपारी साधारण अडीच वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सिंग स्टेशनजवळ (सहकाऱ्याचं नाव) यांनी आयपीडी क्र. (…) या रुग्णाचं निदान फोनवर बोलताना मी ऐकलं. फोनवरची व्यक्ती गावाकडची असल्याचं बोलण्यावरून वाटलं, मला तसं खात्रीने माहीत नाही. तेव्हा (…) हजर होत्या. माहिती पुढे जाऊ नये म्हणून काय करता येईल आणि रुग्णाला कोण कळवणार, हे कृपया सांगावं."

"नेहमीच असं करते", "तिला सवयच आहे" असली वाक्यं नकोत. तुम्हाला आठवणाऱ्या प्रत्येक वेळेची वेगळी तारीख देता येत असेल तरच मागचं लिहा.

देऊन महिना झाला, काहीच कळलं नाही.

तुमच्या तक्रारीवर काय शिक्षा झाली हे तुम्हाला सांगण्याचं बंधन बहुतेक ठिकाणी नसतं, त्यामुळे शांतता म्हणजे दुर्लक्षच असं धरू नका. पण दोन गोष्टी विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे: चौकशी सुरू झाली का, आणि रुग्णाला कळवलं का. पहिल्या ईमेलवरच उत्तर म्हणून हे दोन प्रश्न पाठवा, म्हणजे जुनी तारीख खाली दिसत राहते. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तीच ईमेल साखळी जोडून वर सांगितलेल्या बाहेरच्या कार्यालयात द्या, आणि आवक-जावक टेबलावर शिक्का मारून प्रत घ्या.